जुन्या पिकअपला घरी लिफ्ट किट: पाट्यांपेक्षा बाकीचं काम जास्त

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंचवीसेक वर्षं जुनी फोर-बाय-फोर पिकअप, पुढे-मागे दोन्हीकडे पाटे म्हणजे लीफ स्प्रिंग, आणि सलग ॲक्सल. चार इंच उंच करायची आहे. हाताशी ट्रॉली जॅक, पान्यांचा संच आणि मदतीला एक मित्र. पुढे लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चॅसीला जोडणारा झुलता दुवा) आणि मागे ब्लॉक घालून स्वस्तात भागेल की पूर्ण पाटेच बदलावेत? शनिवार-रविवारात उरकेल का? आणि लिफ्टनंतर गाडी थरथरते म्हणतात, त्यात तथ्य किती?

काम घरी होतं. मात्र चार इंचांवरून दोन इंचांवर या, शॅकल-ब्लॉकचा विचार सोडून पूर्ण पाट्यांचा सेट घ्या, आणि सोमवारी सकाळी याच गाडीने कामावर जायचं असेल तर सुरुवातच करू नका. का ते सविस्तर सांगतो.

गाडीचे दोन भाग धरा. वर चॅसी आणि तिच्यावर बसलेलं सगळं, खाली ॲक्सल आणि चाकं. लिफ्ट म्हणजे या दोघांमधलं अंतर वाढवणं, एवढंच. पाटे हे अंतर धरून ठेवतात म्हणून सगळ्यांचं लक्ष पाट्यांकडे जातं. पण त्याच अंतरातून इतर बरंच काही ये-जा करतं: शॉकअब्सॉर्बर, ब्रेकचे होज, हँडब्रेकची केबल, डिफरन्शियलची श्वासनळी म्हणजे ब्रीदर, पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट, स्टिअरिंगची ड्रॅग लिंक म्हणजे स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा, अँटीरोल बारच्या लिंका, असेल तर एबीएसची वायर, आणि बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भाराप्रमाणे ठरवणारा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. यातली प्रत्येक गोष्ट कंपनीने जुन्या उंचीला मापून बसवलेली असते. किट मागवण्याआधी एका संध्याकाळी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरा आणि चॅसीवर सुरू होऊन ॲक्सलवर संपणारी एकूणएक वस्तू वहीत उतरवा. खरं काम म्हणजे ती यादी. पाटे त्यातली फक्त एक ओळ.

आता दोन इंचच का, ते आकड्यांत बघू. मागचा प्रोपेलर शाफ्ट साधारण 120 सेंटिमीटर लांब धरा. गाडी दोन इंच म्हणजे 5 सेंटिमीटर वर गेली की शाफ्टचा उतार अडीच अंशांच्या आसपास वाढतो. चार इंच गेली की पाच अंशांच्या जवळ. पुढचा शाफ्ट बहुधा याच्या निम्मा असतो. 65 सेंटिमीटर धरला तर चार इंचांना जवळजवळ नऊ अंश होतात. युनिव्हर्सल क्रॉसला, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वाकत्या जोडाला, वेगात रोज पळायचं असेल तर तीनेक अंशांचा कोन बरा. सहा-सात चालवून घेता येतात, त्यापुढे क्रॉस लवकर जातो आणि थरथर सुरू होते. म्हणजे दोन इंचांपर्यंत शाफ्टचा कोन जुळवणाऱ्या छोट्या पाचरी, थोडे लांब होज आणि योग्य शॉक यांत बहुतेक गाड्या मार्गी लागतात. चार इंचांना शाफ्ट, पिटमन आर्म म्हणजे स्टिअरिंग बॉक्सचा हात, सगळे होज, व्हॉल्व्हचं ब्रॅकेट असं एकामागून एक निघत जातं, आणि किटच्या खोक्यात त्यातलं निम्मंही नसतं.

शिवाय लिफ्टने डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून एक सूतही वर जात नाही. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही टायरचा व्यास जितका वाढला त्याच्या निम्म्याने. लिफ्टचा उपयोग मोठ्या टायरला जागा करून देणं, चॅसीचं पोट आणि पुढचा-मागचा कोन सुधारणं, एवढाच. तुम्हाला कोणता टायर बसवायचाय ते आधी ठरवा आणि त्याला लागेल तेवढीच उंची घ्या. गुरुत्वमध्य वर गेला की वळणावर आणि आडव्या उतारावर त्याची किंमत मोजावी लागतेच. नोंदणीचे आणि विम्याचे नियम जागोजागी वेगळे असतात, तेही पैसे देण्याआधी बघून घ्या.

एक माप आजच घ्या. गाडी सपाट जागेवर उभी करा आणि चारही चाकांपाशी हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. टायरची हवा कमी-जास्त झाली तरी हे माप बदलत नाही, म्हणून जमिनीपासून मोजू नका. पंचवीस वर्षांचे पाटे बसलेले असतात, एखादी बाजू जास्तच. किटवर लिहिलेले दोन इंच हे मूळ नव्या उंचीपासूनचे. तुमची गाडी आधीच एक इंच बसली असेल तर प्रत्यक्षात तीन इंचांचा फरक दिसेल, आणि शाफ्ट-होजचा हिशोब मूळ उंचीपासून करायचा की आजच्या, हे हे माप हातात असल्याशिवाय कळणार नाही. खरं सांगायचं तर काही जणांना लिफ्ट नकोच असते, त्यांना ताजे मूळ पाटे हवे असतात.

शॅकल आणि ब्लॉकबद्दल. शॅकल दोन इंच लांब केला की गाडी एकच इंच वर जाते, कारण पाट्याचं एकच टोक हलतं आणि ॲक्सल मधे आहे. त्यातही पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असेल तर ते टोक खाली जाऊन ॲक्सल पुढे झुकतो, कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही भटकायला लागतं. ब्लॉक म्हणजे पाटा आणि ॲक्सल यांच्यामधे घातलेला लोखंडी ठोकळा. मागे एखादा बरा, पक्का, दोन इंचांचा ब्लॉक चालतो. पण तो जितका उंच, तितका ॲक्सलला पाटा पिळायला लांब दांडा मिळतो. जोरात वेग घेताना मागचा भाग उड्या मारतो तो त्यामुळे. एकावर एक दोन ब्लॉक कधीच नाही. आणि पुढच्या ॲक्सलला ब्लॉक अजिबात नाही, एक इंचाचाही नाही. ब्रेक मारताना बराचसा जोर पुढच्या ॲक्सलवर येतो, वर स्टिअरिंगही तिथेच. तो ठोकळा सटकला तर हातात काही राहत नाही. जुन्या संचात एक जादा पाटा घालायचा पर्यायही लोक सुचवतात. त्याने उंची मिळते, पण थकलेल्या पाट्यांत एक ताजा कडक पाटा घातल्यावर सगळा भार तोच घेतो, आणि गाडी रिकामी असताना कंबर मोडते.

ऑर्डर देण्याआधी चॅसी तपासा. पाट्यांचे हँगर, शॅकलची माउंटिंग आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे चॅसीला बोल्ट केलाय ती जागा, या तिन्ही ठिकाणी तारेच्या ब्रशने माती-गंज काढून नीट बघा. हलक्या हातोडीने ठोकत गेलात की चांगलं लोखंड टणटणीत वाजतं, कुजलेलं बद्द आवाज देतं आणि पापुद्रे सोडतं. स्टिअरिंग बॉक्सभोवती केसासारखी तडा दिसली तर लिफ्ट बाजूला ठेवा, आधी ती दुरुस्ती. टाय रॉडचे एंड, किंगपिन, व्हील बेअरिंग यांत जो काही खेळ आज जेमतेम जाणवतोय तो मोठ्या टायरवर चांगलाच जाणवेल. ते बदलायचं असेल तर आत्ताच, गाडी उघडलेली असताना.

आता घरच्या कामाचे सगळ्यात जास्त तास कुठे जातात ते सांगतो: पाट्याच्या डोळ्यातले जाम बोल्ट. पाट्याच्या डोळ्यात रबरी बुश असतो, बुशच्या आत लोखंडी नळी आणि नळीतून बोल्ट. वर्षानुवर्षांच्या पाण्याने बोल्ट आणि नळी गंजून एकजीव होतात. नट सहज सुटतो, तुम्हाला वाटतं जिंकलो. मग बोल्टचं डोकं फिरवता तर बोल्ट, नळी आणि रबर तिन्ही एकत्र थोडे फिरतात आणि सोडलं की रबराच्या पिळाने परत मागे येतात. पाना मोठा केला तरी तेच. हातोड्याने ठोकलं तर बोल्टचं टोक पसरतं, आटे मरतात, आणि आता तो बाहेर यायची शक्यताही संपते.

यावर उपाय दोन. पहिला, आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारत राहा, दोन्ही टोकांकडून. साधं वंगण तेल नाही, पेनिट्रेटिंग ऑइल. अर्धे बोल्ट एवढ्याने सुटतात. उरलेल्यांसाठी सरळ कापायची तयारी ठेवा. डोळ्याची कड आणि हँगरची पट्टी यांच्यामधल्या फटीतून इलेक्ट्रिक करवतीचं लोखंड कापायचं पातं घाला आणि बोल्ट दोन्ही बाजूंनी कापा, पाटा खाली येतो. पाटा तसाही टाकायचाच आहे. हँगरच्या पट्टीला मात्र पातं लागू देऊ नका. गॅसच्या ज्योतीने बुश जाळायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. घरी ती नको. रबराचा धूर विषारी असतो, शेजारून ब्रेकची नळी गेलेली असते आणि मागच्या हँगरपासून डिझेलची टाकी किती लांब आहे ते एकदा बघाच. कापायचं ठरलं म्हणजे नवे बोल्ट आधी घरात हवेत, मूळ ताकदीचे, डोक्यावर 10.9 असेल तर 10.9 च. जवळ मिळाला तो 8.8 घालून वेळ मारून नेऊ नका. नायलॉकचे नटही सगळे नवे.

यू-बोल्टही नवेच, यात वाद नाही. एकदा पूर्ण ताणलेला यू-बोल्ट परत तेवढा ताण धरत नाही आणि त्याचे आटेही खाल्लेले असतात. जुने ग्राइंडरने कापून टाका, सोडवत बसू नका. नवे घेताना जाडी, दोन पायांमधलं अंतर, पायांची लांबी आणि वरचा वळसा गोल आहे की चौकोनी, या चार गोष्टी जुन्यावरून मोजा. नवा संच जाड असेल तर पाय तेवढे लांब लागतील.

आता गाडी उचलणं. जागा सपाट, काँक्रीटची. मातीवर किंवा मऊ डांबरावर स्टँड रुततात. गाडी चॅसीवर टेकवायची, जॅक स्टँडवर. विटा, सिमेंटचे ठोकळे, लाकडाचे ओंडके यांवर नाही, कारण सिमेंटचा पोकळ ठोकळा सूचना न देता फुटतो. जॅक फक्त उचलायला, आधाराला नाही. मागची बाजू उचलताना एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्याच चाकांवर असतो, आणि गिअर टाकून ठेवला तरी तोही, टू-व्हीलमध्ये असाल तर, मागच्याच चाकांना धरतो. ती चाकं हवेत गेली की गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून, चारही बाजूंनी ठोकळे. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला हाताने चांगला धक्का द्या. हलायची असेल तर तुम्ही खाली जायच्या आधी हलू दे. काढलेली चाकं चॅसीखाली आडवी सरकवून ठेवा.

मागून सुरुवात करा. मागे स्टिअरिंग नाही, हात बसतो. ट्रॉली जॅक डिफरन्शियलखाली लावून ॲक्सलचं वजन त्यावर घ्या. आधी शॉकचा खालचा बोल्ट काढा, मग ब्रेक होजचं ब्रॅकेट, हँडब्रेक केबलची क्लिप, ब्रीदरची नळी मोकळी करा. त्यानंतरच जॅक हळूहळू खाली. होज ताणला जातोय का हे मित्राला बघायला सांगा. सगळ्यात महागडी चूक इथेच होते: होजवर ॲक्सल लटकला की वरून काही दिसत नाही, पण आतलं अस्तर फाटतं. एका वेळी एकच बाजू सोडवा. दुसऱ्या बाजूचे यू-बोल्ट सैल करा, पण काढू नका, म्हणजे ॲक्सल जागेवरून फिरत नाही.

नवा पाटा हातात घेतला की आधी जुन्याशेजारी जमिनीवर ठेवा. सेंटर बोल्ट बरोबर मध्यावर असेलच असं नाही. बऱ्याच पाट्यांत एका डोळ्यापासून तो थोडा जवळ असतो. उलटा बसवला तर ॲक्सल पुढे किंवा मागे सरकतो आणि चाक मडगार्डच्या मध्यभागी दिसत नाही. काही संचांत डावा-उजवा पाटाही वेगळा असतो, टाकीच्या किंवा चालकाच्या बाजूचा जरा जास्त कमानीचा. पाट्यावरचे शिक्के बघून घ्या.

नव्या पाट्याला कमान जास्त, म्हणून बिनभाराचा असताना त्याचे दोन डोळे एकमेकांच्या जवळ आलेले असतात. पक्का डोळा आधी बसवा, मग शॅकल पुढे ओढून दुसरा. रॅचेट पट्टा किंवा पहार लागते. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण उतरलंय याची बोटाने खात्री करा. ते कडेवर टेकून यू-बोल्ट आवळले तर आज सगळं घट्ट वाटतं, आणि पहिल्या खड्ड्यात ॲक्सल सरकतो.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना अंतिम आवळायचे नाहीत. हाताने टेकवून ठेवा. रबरी बुश ज्या स्थितीत आवळला ती त्याची शून्य स्थिती होते. लटकत्या अवस्थेत आवळलात तर गाडी जमिनीवर आल्यापासून प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो. गाडी कडक वाटते, किट वाईट निघाली असं लोक म्हणतात, आणि वर्षभरात बुश फाटतात. सगळी चाकं जमिनीवर, गाडी चार वेळा वर-खाली दाबून मोकळी केली, मग टॉर्क रेंच. यू-बोल्टचंही शेवटचं आवळणं वजन ॲक्सलवर आल्यावर, कोपऱ्याकोपऱ्याने आलटून पालटून, तीन-चार टप्प्यांत, किटच्या कागदावरच्या आकड्याला. इम्पॅक्ट गनने थेट शेवटपर्यंत नाही.

शॉकबाबत एकच कसोटी. ॲक्सल वर बंप स्टॉपला, म्हणजे चॅसीखालच्या रबरी ठोकळ्याला, टेकलेला असताना शॉकमध्ये दोन-तीन सेंटिमीटर दबायची जागा शिल्लक हवी, आणि ॲक्सल पूर्ण खाली लटकलेला असताना शॉक थांबला तरी चालेल पण ब्रेक होज ताणलेला असता कामा नये. नवा शॉक बंद अवस्थेतही लांब असेल तर बंप स्टॉपला तेवढा पॅकिंग तुकडा लावा, नाहीतर बंप स्टॉपचं काम शॉक करेल आणि फुटेल.

थरथरीचा प्रश्न शाफ्टचा. क्रॉस असलेला शाफ्ट कोनात फिरताना एकसारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित जलद, दोनदा किंचित सावकाश. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर तो हा चढउतार भरून काढतो. म्हणून दोन्ही टोकांना एकेक साधा क्रॉस असेल तर ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या शाफ्टला जोर वाटणारी पेटी) फ्लँज म्हणजे जोडाची चकती आणि डिफरन्शियलच्या पिनियनचा (शाफ्ट ज्याला जोडतात तो दातेरी दांडा) फ्लँज एकमेकांना समांतर हवेत, फरक एक अंशाच्या आत. ट्रान्सफर केसच्या बाजूला दुहेरी क्रॉस असेल तर नियम बदलतो. तेव्हा पिनियनचं तोंड सरळ शाफ्टच्या रेषेत हवं. दोन्ही प्रकारांत पिनियन अंशभर खाली ठेवतात, कारण जोर लागला की पाटा पिळून पिनियन स्वतःच वर उचलला जातो.

मोजायला डिजिटल अँगल गेज लागतो, लहानसा, चुंबकाचा. गाडी सपाट जागेवर, चाकांवर उभी. पिनियनच्या फ्लँजचा मशीन केलेला सपाट भाग पुसून त्यावर गेज टेकवा, मग ट्रान्सफर केसच्या फ्लँजवर, मग शाफ्टच्या नळीवर. तिन्ही आकडे लिफ्टच्या आधी लिहून ठेवलेले असतील तर नंतरचा विचार दोन मिनिटांचा. फरक आला तर पाटा आणि बैठक यांच्यामधे निमुळती पाचर घालतात. मागचा पिनियन वर उचलायचा आणि पाटा ॲक्सलच्या वर बसलेला असेल तर पाचरीची जाड बाजू मागे. पाटा ॲक्सलच्या खाली असेल तर जाड बाजू पुढे. पाचर पोलादी घ्या, ॲल्युमिनियमची ओतीव पाचर दबून तडकते. आणि पाचरीच्या जाडीइतका सेंटर बोल्ट लांब हवा, नाहीतर त्याचं डोकं बैठकीत पोचतच नाही.

पुढच्या ॲक्सलला ही पाचर दुधारी आहे. तिथे पिनियनचं तोंड मागे असतं. ते वर उचलायला ॲक्सल फिरवला की कॅस्टर कमी होतो. कॅस्टर वाढवायला उलटा फिरवला की पिनियन खाली जातो आणि शाफ्टचा कोन वाढतो. दोन्ही एकाच वेळी साधत नाही. ओढाताण झाली तर मी कॅस्टर राखतो. पुढचा शाफ्ट फोर-व्हीलमध्ये आणि बहुधा कमी वेगातच भार घेतो, स्टिअरिंग मात्र रोज आणि प्रत्येक वेगात लागतं.

शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांच्या फ्लँजवर आणि सरकत्या जोडावर पंचने किंवा रंगाने खुणा करा आणि तसाच परत बसवा. जोड एक दात फिरून बसला तरी दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एका रेषेत राहत नाहीत, आणि मग कितीही पाचरी घाला, थरथर जात नाही. त्याच सरकत्या जोडावर जुन्या ग्रीसची आणि चकाकीची एक सीमारेषा दिसते. लिफ्टनंतर ती किती बाहेर आली ते बघा. ॲक्सल पूर्ण लटकवून तपासा, कारण बाहेर निघायचा धोका तेव्हाच.

ब्रेकमध्ये होज तर आलेच. होज बदलला तर फ्लेअर नट पाना वापरा, साध्या पान्याने जुन्या नटाचे कोपरे गोल होतात, आणि नंतर चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढा. पण खरी मेख आहे ती लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची. मागच्या चॅसीवर एक व्हॉल्व्ह आणि त्याच्यापासून ॲक्सलपर्यंत गेलेला एक दांडा दिसला तर तो हाच. गाडीत माल भरला की चॅसी खाली येते, दांडा फिरतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की चॅसी वर, दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होऊ नयेत. आता तुम्ही गाडी दोन इंच वर नेलीत. व्हॉल्व्हच्या समजुतीप्रमाणे गाडी रिकाम्याहून रिकामी आहे. मागचा ब्रेक कायमचा अर्धवट झाला, माल भरलेला असतानाही. पेडल व्यवस्थित लागतं, गाडी थांबतेही, पण नाक जास्त खाली घालते, पुढचे लायनर झरझर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाकं आधी लॉक होतात. इलाज साधा: ॲक्सलवरचं दांड्याचं टोक ब्रॅकेट लावून लिफ्टइतकंच वर घ्या. व्हॉल्व्ह काढून सरळ नळी जोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, रिकाम्या पिकअपची मागची बाजू ब्रेकवर फिरते ती त्यामुळेच.

स्टिअरिंगचं त्या मानाने थोडक्यात. चॅसी वर गेली की ड्रॅग लिंक तिरकी होते, व्हील वाकडं दिसतं. व्हील सरळ करायला ड्रॅग लिंक लांब-आखूड करा, दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडला हात लावू नका, त्याने टो म्हणजे चाकांचा आत-बाहेर रोख बिघडतो. दोन इंचांना एवढ्यावर भागतं. जास्त लिफ्टला लिंक इतकी उतरती होते की उंचवट्यावर चाक वर गेलं की गाडी आपोआप वळते. तिथे खाली वाकवलेला पिटमन आर्म लागतो. तो काढायला पुलरच वापरा. हातोड्याचे घाव स्टिअरिंग बॉक्सच्या आतल्या बेअरिंगला बसतात. पुढे पाट्यांऐवजी कॉइल आणि पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) असलेल्या गाडीत आणखी एक गंमत: लिफ्टने ॲक्सलच एका बाजूला सरकतो. त्या रॉडला लांबी जुळवता येणारा पर्याय घ्या, आणि तो ड्रॅग लिंकला समांतर राहिला पाहिजे.

सगळं बसल्यावर आधी जागेवरच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि होज, टायर, लिंक कुठे घासतंय का बघा. मग एक चाक उंचवट्यावर चढवून तेच पुन्हा, कारण सपाटीवर मोकळा दिसणारा टायर पिळलेल्या अवस्थेत मडगार्डला लागतो. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, हळू, दोन-चार वेळा ब्रेक मारून गाडी सरळ थांबते का ते बघत. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट, डोळ्यांचे बोल्ट आणि चाकांचे नट परत टॉर्कला लावा, पाचशेच्या आसपास पुन्हा एकदा. पहिल्या वेळी यू-बोल्ट नक्की थोडे फिरतील, घाबरू नका, पाटे बैठकीत बसताहेत. हेडलाइटचा झोत खाली घ्या, नाहीतर समोरचे शिव्या घालतील. अलाइनमेंट बाहेर करून घ्या आणि टो बरोबर कॅस्टरचाही आकडा कागदावर मागून घ्या.

वेळेचं विचाराल तर जुन्या गाडीत दोन दिवसांत फक्त मागची बाजू झाली तरी बरं म्हणा. पुढची पुढच्या आठवड्यात. मधल्या काळात एखादा बोल्ट आणायला जावं लागेल, तेव्हा दुसरं वाहन दारात हवं.

टायर मात्र शेवटी. नवे पाटे पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडे बसतात, कधी अर्धा इंचही. तेव्हा पाचशे किलोमीटरला बोल्ट परत आवळायच्या वेळी हबपासून मडगार्डपर्यंतचं ते माप परत घ्या आणि उरलेल्या जागेवरून टायर ठरवा. 31 इंचांवरून 33 वर गेलात तर स्पीडोमीटर 100 दाखवेल तेव्हा गाडी 106 ने पळत असेल, आणि गिअर तेवढाच उंच झाल्यासारखा चढावर ओढायला जड जाईल. जुन्या इंजिनाला ते झेपणार नसेल तर 32 वर थांबा.